वास गेला म्हणून वायू गेला असं समजू नका

फेरस सल्फाइडवर आम्ल टाकलं, हायड्रोजन सल्फाइड वायूचा कुजलेल्या अंड्यांसारखा वास सुटला आणि थोड्या वेळाने तो येईनासा झाला, तेव्हा आता खोलीत काम करायला हरकत नाही ना, असं तुम्ही विचारलंय. हरकत आहे. निदान नाकाच्या भरवशावर तरी नको.

हायड्रोजन सल्फाइड १ पीपीएमहून (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) कितीतरी कमी असला तरी नाकाला कळतो, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांतच गंधाची जाणीव बधिर होते. त्याहून कमी प्रमाणातही नाक सरावतं. म्हणजे वास गेला, तर वायू निघून गेला असेल किंवा उलट वाढलाही असेल. ५०० पीपीएमच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो, १,००० च्या घरात तर एक-दोन श्वास पुरतात. सायनाइडसारखाच हा वायू पेशींमधलं सायटोक्रोम ऑक्सिडेज, म्हणजे ऑक्सिजन वापरायला लागणारं विकर (एन्झाइम), अडवतो. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही.

हवेपेक्षा हा सुमारे १.२ पट जड, त्यामुळे खड्डे, टाक्या, मॅनहोल यांत साचतो. गाळात तो अडकून बसलेला असतो. वरून झाकण उघडून हुंगलं तर फारसं काही जाणवत नाही, आणि आत उतरून गाळ ढवळला की भसकन बाहेर येतो. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, आणि तोही पडतो. श्वसनयंत्राशिवाय उतरू नये ते यासाठी. (पेटतोही बरं का, हवेत साधारण ४ ते ४६ टक्के असला तर. जळून सल्फर डायऑक्साइड होतो, तोही काही सज्जन नाही.)

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या उग्र वासाच्या रसायनामुळे आपल्याला ‘वास म्हणजे इशारा’ ही सवय लागलीय. तिथे ती ठीक आहे, इथे घातक.

वायू आहे का हे तपासायला लेड अॅसिटेट (शिशाचा एक क्षार) लावलेला ओला कागद धरून बघा. आधी तपकिरी होतो, मग काळा, वायू भरपूर असला तर त्यावर धातूसारखी चकाकी येते. पण हा कागद वायू आहे एवढंच सांगतो, किती आहे ते नाही. त्यासाठी वायू मोजणारा मीटरच हवा; त्याचा पहिला गजर सहसा ५ किंवा १० पीपीएमला लावलेला असतो.

प्रयोग फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर खेचून घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात) करा, तोही चिमूटभर सल्फाइड घेऊन. आणि उरलेलं सल्फाइड आम्लाच्या कचऱ्यात चुकूनही ओतू नका, बंद डब्यात तोच प्रयोग पुन्हा सुरू होईल.