जिल्हा परिषद शाळेत समुपदेशक नेमायला आमदार निधी मिळू शकतो का?

नाही, पगारासाठी आमदार निधी मिळत नाही. तो निधी (सध्या वर्षाला ५ कोटी) टिकाऊ कामांसाठी असतो, म्हणजे वर्गखोली, वॉल कंपाऊंड, कॉम्प्युटर वगैरे, दर महिन्याचा पगार त्यात बसतच नाही, त्यामुळे आमदारसाहेब भाषणात मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल कितीही कळवळून बोलले तरी तुमच्या शाळेला शेवटी पेव्हर ब्लॉकच येणार! मी शाळा व्यवस्थापन समितीवर काम केलंय म्हणून सांगतो, आमदारांकडे निधी मागू नका, सभागृहात प्रश्न मांडायला सांगा, कारण पदं मंजूर करणं आणि त्यासाठी बजेटमध्ये तरतूद करणं राज्य सरकारच्या हातात आहे.

तुमच्या हातात काय आहे तर समितीचा ठराव. आरटीई (शिक्षण हक्क) कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीच बनवते, त्यात ही मागणी लेखी घाला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून पोच घ्या, पोच विसरू नका. सोबत सुप्रीम कोर्टाच्या जुलै २०२५ च्या सुकदेब साहा निकालाची प्रत जोडा, १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर हवा असं त्यात स्पष्ट आहे.

फक्त पट १०० च्या खाली असेल तर पूर्णवेळ माणसाचा आग्रह चालणार नाही, तिथे बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून मागा. आणि एखाद्या मुलाला आत्ताच गरज असेल तर ठरावाची वाट बघू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.