ताबा आईकडे असला तरी परदेशी न्यायची परवानगी वेगळी घ्यावी लागते

ताई, तुमची अडचण फार ओळखीची आहे. परस्पर संमतीने घटस्फोट, मुलाचा ताबा तुमच्याकडे, वडिलांना महिन्यातले दोन रविवार आणि आता सिंगापूरची नोकरी. 'ताबा माझाच, मग त्यांची सही कशाला?' असं तुम्ही विचारलंय. मी वकील नाही, तुमचे कागद वकिलाला दाखवाच.

खरा घोळ संमतीच्या अटींमध्ये असतो. कलम 13-बच्या, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या घाईत पोटगी, फ्लॅट, दागिने यांवर पानं भरतात आणि मुलाबद्दल दीड ओळ: ताबा आईकडे, वडिलांना भेटीचा हक्क. पासपोर्ट, परदेश प्रवास, गाव बदलणं याबद्दल अवाक्षर नाही. तुम्ही सिंगापूरला गेलात की ते रविवार बुडणार, म्हणजे कोर्टाचा आदेश मोडणार. गुपचूप शाळेचा दाखला काढून निघणं तर अजिबात नको. पुढच्या प्रत्येक तारखेला तेच तुमच्याविरुद्ध वाचलं जातं.

ज्या कौटुंबिक न्यायालयाने हुकूमनामा दिला तिथेच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली अर्ज करा (विशेष विवाह कायद्याखाली लग्न असेल तर कलम 38). 'अटी ठरल्या, आता बदल नाही' असं समोरून आलं तर विक्रम वीर व्होरा खटल्याचा 2010चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. ताब्याचे आदेश कायमचे नसतात असं सांगून तिथे आईला मुलासह ऑस्ट्रेलियाला जाऊ दिलं होतं.

मागण्या तीन, वेगवेगळ्या लिहा: मुलाला परदेशी नेण्याची परवानगी, वडिलांच्या सहीशिवाय पासपोर्ट आणि भेटीचं नवं वेळापत्रक. नेमणूकपत्र, घराचा पत्ता, शाळेचं प्रवेशपत्र जोडा. माझ्या मते निकाल वेळापत्रकावर फिरतो. 'उन्हाळ्याची सुट्टी वडिलांकडे' असं मोघम लिहू नका. सिंगापूरच्या सरकारी शाळांना मे महिन्यात सुट्टी नसते. जूनमध्ये साधारण 4 आठवडे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये साधारण 6 असतात. मूल भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत जाणार असेल तर तिचं कॅलेंडर लावा. व्हिडिओ कॉलचे वार भारतीय वेळेसकट लिहा (सिंगापूर अडीच तास पुढे) आणि विमानाचं भाडं कोण भरणार तेही. '1980च्या हेग करारात (एका पालकाने परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) भारत नाही, मूल परत येणार नाही' असा आक्षेप येऊ शकतो. म्हणून हमीपत्र आधीच द्या आणि सिंगापूरच्या कोर्टात असाच आदेश घेण्याची तयारी दाखवा.

आता पासपोर्ट. मुलाच्या अर्जासोबत पालकांचं घोषणापत्र लागतं: दोघांची संमती असेल तर परिशिष्ट 'डी', एकाची मिळत नसेल तर 'सी'. दोन्ही साध्या कागदावर चालतात. तरी एका कार्यालयात (नाव घेत नाही) स्टॅम्प पेपर, नोटरी, मग वडिलांचं आधार, असं दर खेपेला काहीतरी नवं निघायचं आणि लेखी एक अक्षर नाही. लेकरू घेऊन आलेल्या बाईला असं ताटकळत ठेवायचं म्हणजे संताप येतो. तोंडी नकार घेऊन परत फिरू नका, कारण लेखी मागा. पण 'सी'मध्ये खोटं कारणही देऊ नका. 1967च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 खाली तो गुन्हा आहे.

आदेश झाला की लगेच नकलेचा अर्ज टाका आणि प्रमाणित प्रती जास्तीच्या घ्या, व्हिसाला आणि शाळेलाही लागतात. 15 वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट 5 वर्षांचाच, किंवा अठरावं पूर्ण होईपर्यंत, जे आधी असेल ते. तेव्हा मागणीत 'मूल सज्ञान होईपर्यंतच्या नूतनीकरणासह' हे शब्द घालायला वकिलांना सांगा.