टोकाची प्रथिनं कोण बनवतं?

प्रश्न : चेतापेशीचं केंद्रक एका जागी, फांद्या लांबवर. मग टोकाला लागणारी प्रथिनं येतात कुठून? — एक विद्यार्थिनी, रावेर

उत्तर : बरीचशी तिथेच बनतात. तुमच्याकडची केळी हिरवीच ट्रकात चढतात, पोचल्यावर पिकवतात, तसंच हे. केंद्रकातून आरएनए-संदेश निघतो, पण वाटेत एफएमआरपीसारखी प्रथिनं त्याला चिकटून त्याचं वाचन रोखून धरतात. दोन चेतापेशींच्या जोडणीवर ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन आलं की एफएमआरपीवरचा फॉस्फेट निघतो, पकड सुटते आणि रायबोसोम (प्रथिनं बनवणारी पेशीतली यंत्रं) काही मिनिटांत कामाला लागतात. डेंड्राइटच्या (संदेश घेणाऱ्या फांदीच्या) काट्यांच्या, म्हणजे जोडणीच्या बारीक उंचवट्यांच्या, बुडाशी रायबोसोमचे पुंजके असतात, हे स्टुअर्ड आणि लेव्ही या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये दाखवलं. एफएमआरपीचा हा ब्रेक फार मोलाचा! ते बनवणाऱ्या एफएमआर-१ जनुकात ‘सीजीजी’ ही डीएनएची तीन अक्षरं लागोपाठ २०० हून जास्त वेळा आली की जनुक बंद पडतं, एफएमआरपी बनत नाही, प्रथिननिर्मिती बेसुमार होते. हाच फ्रॅजाइल एक्स हा बौद्धिक वाढ खुंटवणारा आनुवंशिक विकार.