तहकूब ग्रामसभा आणि वरच्या वाडीचे मतदार

प्रश्न : आमची वाडी पाटण तालुक्यातील एका गट ग्रामपंचायतीत मोडते. ग्रामसभा पायथ्याच्या मूळ गावात भरते आणि ती झाल्याचे आम्हांला बहुधा नंतरच कळते. यंदा आमच्या पाण्याच्या टाकीचे काम आराखड्यातून वगळण्याचा ठराव झाला. विचारणा केली तेव्हा ‘ग्रुपवर मेसेज टाकला होता’ असे उत्तर मिळाले. वाडीत धड रेंज नाही. आम्ही काय करावे?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ग्रुपवरचा मेसेज ही सोय झाली, तिला नोटीस म्हणता येत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आणि त्याखालील नियमांनुसार आर्थिक वर्षात किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस किमान ७ दिवस आधी सार्वजनिक जागी लावून, दवंडी देऊन मतदारांपर्यंत पोहोचवावी लागते. दवंडीची जागा आज भोंग्याने घेतली असली तरी हरकत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे मुलांचा अभ्यास व्हावा म्हणून २०२२ पासून सायंकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही व मोबाइल दीड तास बंद होतात. मग ग्रामसभेचा पुकारा वाडीच्या देवळावरून का होऊ नये?

मात्र तुमची खरी अडचण नोटिशीच्या पुढची असावी, असे वाटते. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा चालण्यासाठी लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. साहजिकच पहिल्या दिवशी माणसे जमली नाहीत की पुढच्या सभेत पंचवीस-तीस जण सगळ्या वाड्यांचे ठराव करून मोकळे होतात, आणि कागदोपत्री त्यात खोट काढता येत नाही. म्हणून पहिल्या सभेपेक्षा तहकूब सभेच्या तारखेवर अधिक लक्ष ठेवावे आणि तिची नोटीसही वाडीत लावावी, अशी लेखी मागणी ग्रामपंचायतीकडे करावी.

पुढच्या सभेसाठी टाकीचा विषय लेखी अर्जाने आधीच द्यावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी; तोंडी सांगितलेला विषय ‘आयत्या वेळचे विषय’ येईपर्यंत माणसे उठून गेलेली असतात. सभा संपल्यावर प्रोसिडिंग बुकात ठराव कोणत्या शब्दांत उतरला, सूचक-अनुमोदक कोण, हे पाहावे. सभेत ‘चर्चा झाली’ आणि बुकात ‘सर्वानुमते मंजूर’, हे अनेक गावांना नवीन नाही. प्रत मिळत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. वित्त आयोगाच्या निधीतील कामांचा आराखडा ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसतो, तेव्हा तालुक्याला जाणाऱ्या एखाद्या तरुणाकडून तोही काढून घ्यावा. एवढे कागद हाती असले की पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे केलेल्या तक्रारीला वजन येते.

प्रश्न : आमच्या वॉर्डातून निवडून आलेल्या ताई बैठकीत बोलत नाहीत, त्यांचे यजमानच सगळे ठरवतात. हे चालते का?
— एक वाचिका, ता. तासगाव, जि. सांगली

उत्तर : चालवून घेतले जाते. यजमान मतदार असल्यास ग्रामसभेत त्यांनी जरूर बोलावे. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत मात्र मत मांडण्याचा आणि देण्याचा अधिकार निवडून आलेल्या सदस्याचाच असतो. स्त्रियांना ५० टक्के जागा मिळाल्या त्या खुर्चीपुरत्या नव्हेत. ताईंना दोष देण्यापेक्षा महिला सभेचा उपयोग करावा. प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी ती घेण्याची तरतूद कायद्यातच असून, पुष्कळ ठिकाणी ती केवळ सह्यांपुरती उरते. वॉर्डातील दहा-बारा जणींनी ताईंसोबत त्या सभेला बसावे, गटार, दिवाबत्ती, नळाची वेळ असे विषय त्यांच्याच तोंडून मांडून घ्यावेत, आणि ते इतिवृत्तात त्यांच्याच नावाने लिहिले गेल्याची खात्री करूनच सह्या कराव्यात.