वनशास्त्र शिकून जंगलातल्या गावांसोबत काम करायचं असेल तर नेमकं काय करावं लागतं?

प्रश्नकर्त्याने लिहिलंय की तो अकोल्याला बीएस्सी फॉरेस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर नागपुरात, वडील म्हणतात आयएफएसची, म्हणजे भारतीय वन सेवेची, तयारी कर, आणि याला मात्र 'जंगलाचं शासन आणि लोकांची उपजीविका' या विषयात संशोधन करायचंय. त्यात पोट भरतं का, आणि रोज काम काय असतं? मी याच विषयात वीसेक वर्षं काढली, राहतो नागपुरातच, म्हणून लिहायला बसलो. उत्तर लांबणार आहे.

आधी वडिलांचं उरकतो. आयएफएस म्हणजे यूपीएससी. पास झालात तर डीएफओ, म्हणजे विभागीय वन अधिकारी व्हाल, म्हणजे प्रशासन. शास्त्रज्ञ तो वेगळा. सरकारी शास्त्रज्ञाचा रस्ता डेहराडूनच्या भारतीय वानिकी संशोधन परिषदेतून जातो. तिची आपल्याला सगळ्यात जवळची संस्था जबलपूरला आहे. वैज्ञानिक-बी या तिथल्या पहिल्या पदाची जाहिरात निघते तेव्हा निघते, तिच्या भरवशावर लग्नाची तारीख धरू नका. विद्यापीठात शिकवायचं तर अकोला आणि दापोली आहेतच. व्यवस्थापनाकडे ओढा असेल तर भोपाळची आयआयएफएम. बाहेरदेशी जायचं तर इंडोनेशियातल्या बोगोरला सिफोर ही संस्था आहे, उष्ण प्रदेशातल्या जंगलांवर आणि त्यातल्या माणसांवर जगभर काम करणारी. बाकी सगळे प्रकल्प, दोन-तीन वर्षांचे करार. माझं निम्मं आयुष्य करारावर गेलं. भाडं कधी थकलं नाही, फ्लॅट मात्र पंचेचाळिशीत झाला. वडिलांना एवढं सांगा.

आता काम. 'शासन' हा शब्द ऐकून लोकांना मंत्रालय आठवतं. आमच्याकडे त्याचा अर्थ सोपा आहे: या जंगलातली काडी कोणी तोडायची, किती तोडायची, कोणाला विकायची आणि पैसे कोणाच्या खात्यात जायचे, हे ठरवतं कोण. कॉलेजात तुम्हाला झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायला शिकवतात. ते शिकायचंच. पण ते मोजमाप घेऊन मी पहिल्यांदा गडचिरोलीत गेलो तेव्हा कळलं की गावाचं गाडं वाहतूक परवान्यावर अडलंय. टीपी म्हणतात त्याला तिकडे. छापील पुस्तकातला एक कागद: माल काय, नग किती, गाडीचा नंबर, कुठून कुठे, खाली सही-शिक्का. तो नसेल तर पहिल्याच नाक्यावर ट्रक उभा.

बांबूचंच बघा. वनस्पतिशास्त्रात ते गवत. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ते झाड. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज, म्हणजे गावाने गोळा करून विकायच्या मोह, तेंदू, मधाच्या रांगेतलं. पुढे २०१७ मध्ये वन कायदा दुरुस्त करून जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूला झाडाच्या नियमांतून सोडवलं. जंगलातला तसाच राहिला. तुम्ही परीक्षेत 'पोएसी कुळ' लिहून दोन मार्क घ्याल, पण गावाला त्या दोन कायद्यांमधलं अंतर पार करायला वर्षं लागली.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव ऐकलं असेलच. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. २००९ मध्ये जवळपास १८०० हेक्टर जंगलावर त्यांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा दावा मंजूर होऊन मिळाला, देशात सगळ्यात आधी ज्यांना मिळाला त्यांपैकी ते एक. तरी बांबू विकता येईना, कारण टीपीचं पुस्तक वनखात्याच्या टेबलावर होतं. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. हक्क आणि पुस्तक यांच्यामध्ये दोन पावसाळे गेले. पुढे २०१२ मध्ये नियमच बदलले आणि परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं.

गंमत म्हणजे त्याच २००९ मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या मूळच्या राज्यशास्त्राच्या. सामाईक पाणी, कुरण, जंगल लोक आपसात नियम करून नीट सांभाळू शकतात, त्यासाठी खासगी मालक किंवा सरकारी पहारेकरीच लागतो असं नाही, हे त्यांनी जगभरची उदाहरणं जमवून दाखवलं. त्यांचं वाचाच. पण आधी एखाद्या ग्रामसभेचं इतिवृत्त वाचून मग वाचा, नाहीतर सगळं पुस्तकी वाटतं.

आता एक माझी चूक सांगतो, ती कुठल्याही पेपरात छापून आलेली नाही.

कोरचीकडचं एक गाव, छत्तीसगडच्या सीमेला लागून. ग्रामसभेने त्या वर्षी तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानाचा, व्यवहार स्वतः करायचं ठरवलं होतं. ठेकेदाराने गोणीला ४,५०० रुपये मजुरी सांगितली होती, ती घ्यायची की नाही यावर बैठक. वनहक्क नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्मी माणसं हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश बाया. म्हणून बैठक रात्री, स्वयंपाक आटोपल्यावर. समाजमंदिरात एक सोलरचा दिवा, त्याच्याभोवती किडे, आणि मी भिंतीवर कागद चिकटवून उभा. माझी पीएचडी जबलपूरची, प्रबंधात तेंदूवर अख्खं प्रकरण. मी रुबाबात सांगितलं, पलीकडे छत्तीसगड सरकारचा दर ४,००० आहे, तुम्हाला पाचशे जास्त मिळताहेत, सौदा वाईट नाही.

मागून एक बाई म्हणाली, "सर, माह्या मायेरी पन्नास पानाचा पुडा रायते. इथं सत्तरचा बांधाव लागते. तुमी कोनता धरला?"

तिचं माहेर सीमेपलीकडचं. हजार पुड्यांची एक गोणी दोन्हीकडे, पण मध्य प्रदेश-छत्तीसगडात पुडा ५० पानांचा आणि महाराष्ट्रात ७० चा. म्हणजे तिकडे पन्नास पानांना चार रुपये आणि इथे सत्तरला साडेचार. मी मोबाइल काढून गुणाकार केला: त्यांच्या बरोबरीला यायचं तर ५,६०० हवे. बाईने तो आधीच बोटांवर केला असावा, कारण मी आकडा बोलायच्या आत ती शेजारणीशी बोलायला लागली होती. मला पन्नास पाठ होतं, सत्तरही कुठेतरी वाचलेलं होतं, दोन्ही एका कागदावर कधी मांडलं नव्हतं. गोणी म्हणजे गोणी. सौदा शेवटी ५,३०० ला झाला. म्हणजे तरीही कमीच, आणि तेही तिनेच दाखवून दिलं.

त्यानंतर मी कुठल्याही गावात आकडा सांगण्याआधी माप विचारतो. पुडा कितीचा, बांबूचा बंडल किती नगांचा, मोहफूल ओलं की वाळलेलं. पीएचडीच्या मुलांच्या प्रश्नावलीतही पहिलं पान मापांचंच ठेवायला लावतो, आणि ती कुरकुर करतात.

रोजचं काम म्हणाल तर ऋतूप्रमाणे बदलतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पडतं, भल्या पहाटे वेचायचं असतं, आणि वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तीच आग पुढे जंगलात शिरते. हे थांबवायचं तर फलक लावून भागत नाही. झाडाखाली जाळी बांधून फूल झेलता येतं का, जाळीचा खर्च किती फुलांत निघतो, हे त्या घरासोबत बसून काढावं लागतं. मेमध्ये तेंदू. नागपूरकर कूलरसमोर बसतो त्या दिवसांत आमचा मुक्काम फळीवर, म्हणजे पुडे गोळा होतात त्या केंद्रावर. पावसाळ्यात बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात, नवे वास्ते म्हणजे कोंब येतात, तेव्हा तोड बंद. त्यानंतर मोजणी: रांजीत या वर्षीचे किती, गेल्या वर्षीचे किती, जुने किती. पहिल्या वर्षाच्या बांबूला पापुद्रे चिकटलेले असतात आणि पांढरट भुकटी बोटाला लागते. जुना काढायचा, कोवळ्याला हात लावायचा नाही, आणि रांजी मधून पोखरायची नाही. हा नियम वनखात्याच्या कार्ययोजनेतही असतो. पाळला जातो की नाही हे मात्र तोडणाऱ्याला पैसे नगावर मिळतात की दिवसावर, यावर बरंचसं ठरतं. नगावर असले की माणूस रांजीच्या कडेचा, हाताला लागेल तो तोडतो, आणि कडेलाच कोवळे असतात. माझ्या मते आमच्या विषयाचा गाभा या एका गोष्टीत आहे, पण तो अभ्यासक्रमात कुठेच नाही.

गावाची कमाई आणि जंगलाची तब्येत नेहमी एका दिशेला जातात असंही समजू नका. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने सामूहिक हक्क मिळाल्यावर तेंदू तोडणं बंद केलं, कारण पानासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात. हातातला हंगामी पैसा सोडून ते बांबूवर राहिले. दुसरी गावं तेंदू सोडू शकत नाहीत, कारण मे महिन्यात दुसरा पैसाच नसतो. कोणतं बरोबर हे नागपुरातून सांगणाऱ्या शास्त्रज्ञापासून जरा लांब राहा, माझ्यासकट.

आणि कागद. याचा कंटाळा असेल तर दुसरा विषय घ्या. आपल्या भागाला जुन्या मध्य प्रांताचा वारसा आहे. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, त्यानंतर गावाला जंगलातून सरपण, बांबू, चराई काय मिळायचं याची निस्तार पत्रकं तयार झाली. पन्नास-साठ वर्षांनी हक्काचा दावा करताना तोच पुरावा कामी आला. मी एका अभिलेख कक्षात तीन दिवस नाकाला रुमाल बांधून बसलो होतो. गावाचं पत्रक सापडलं ते भलत्याच तालुक्याच्या गठ्ठ्यात. झाडं मोजून जेवढा आनंद झाला नसेल तेवढा त्या दिवशी झाला.

तेव्हा आता करायचं काय? एमएस्सीला सांख्यिकी सोडू नका. वनहक्क कायदा मूळ वाचा, फार मोठा नाही. ताळेबंद वाचायला एखाद्या बीकॉमवाल्या मित्राकडून शिका; ग्रामसभांकडे आता खरे पैसे येतात आणि हिशोब बिघडला की जंगलाआधी गाव तुटतं. गोंडी शिका. निदान आकडे तरी, म्हणजे भाव ठरताना मान डोलावत बसायची पाळी येणार नाही. वडिलांसाठी यूपीएससीचा फॉर्मही भरा, अभ्यास वाया जात नाही. सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात ओळखी करून ठेवा. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय घरापासून रिक्षाच्या अंतरावर असणं ही पुण्या-मुंबईच्या पोरांना नसलेली सोय आहे.

शेवटचं वर्ष म्हणजे मेमध्ये सुट्टी असेलच. आठ दिवस कुठल्याही फळीवर जाऊन बसा. गडचिरोलीची पहाटेची एसटी गणेशपेठेतून पकडा, तिथून पुढे तालुक्याची. डोक्याला दुपट्टा बांधा, सोबत पाणी ठेवा, आणि पुडे मोजायला घेतले की मधूनमधून एखादा सोडून पानंही मोजा.