मैदान-शंका : साक्कीची साखळी

प्रश्न : चौदा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. इटलीचा कोच साक्की, त्याच्या मिलान क्लबसारखं प्रेसिंग (बॉल गेला की सगळ्यांनी मिळून लगेच अंगावर जाणं) सुरू केलंय. थोडा वेळ जमतं, मग डोक्यावरून एक लांब बॉल येतो आणि गोल. चुकतंय कुठं? – एक वाचक, मिरज

उत्तर : बहुतेक तुमचे फॉरवर्ड पळतायत आणि बॅक जागेवरच आहेत. आरिगो साक्कीने १९८७ मध्ये मिलान हाती घेतलं, तेव्हा शेवटचा बॅक ते पुढचा फॉरवर्ड हे अंतर साधारण २५ मीटरवर आणलं. कबड्डीची साखळी आठवा. एकाचा हात सुटला की चढाईवाला त्याच फटीतून घरी.

२४ मीटर सुती दोरी घ्या. दोन टोकांना आणि मधे दर ८ मीटरला गाठ, एकूण चार. चार बॅक, प्रत्येकाच्या हातात एक गाठ. कमरेला बांधू नका, एक पडला की चौघं पडतात. कोण मागं राहिलं ते दोरीच दाखवते. मग दोरी काढून अकराही जणांना बॉलशिवाय उभं करा. तुम्ही ओरडायचं, ‘बॉल डावीकडं’, ‘मागं पास’. सगळ्यांनी एकदम सरकायचं. साक्की मिलानच्या नामवंतांकडूनही हेच करून घ्यायचा. चार मिनिटं सराव, दोन मिनिटं दम, अशा चार फेऱ्या पुरे. मुलं कंटाळतात, कंटाळू द्या.

आता लांब बॉलचं. बॉलवाल्याच्या अंगावर कुणी नसेल आणि त्याची मान वर असेल, तर बॅकनी वर यायचंच नाही, उलटं मागं सरकायचं. वर कधी यायचं? त्याने मागं पास दिला, बॉल पायावरून उडाला किंवा तो साइडलाइनला अडकला तर. गोलकीपर पोस्टमधे उभा राहून चालणार नाही, पेनल्टी बॉक्सच्या कडेला हवा.

साक्कीचा ऑफसाइड सापळा, म्हणजे बॅकनी एकदम वर येऊन फॉरवर्डला आपल्या मागं ऑफसाइडमधे सोडणं, मात्र जसाच्या तसा उचलू नका. त्याने १९८९ आणि १९९० चे युरोपियन कप जिंकले, तेव्हा बॅकच्या बरोबरीत उभा असलेला फॉरवर्डही ऑफसाइड धरत. १९९० मध्येच तो नियम बदलला. आता बरोबरीतला चालतो. त्यात आपली काळी माती. पावसात लांब बॉल गोलकीपरपर्यंत पोचतच नाही, चिखलात मधेच रुततो आणि फॉरवर्डला आयता मिळतो. जून ते सप्टेंबर बॅकची लाइन पाच-सहा मीटर मागंच ठेवा.

प्रश्न : साक्की स्वतः मोठा खेळाडू नव्हता, मग खेळाडू त्याचं ऐकायचे कसे? – एक वाचक, विटा

उत्तर : व्यावसायिक फुटबॉल तो खेळलाच नाही, वडिलांच्या बुटांच्या कारखान्याचा माल विकायचा. मिलानचे स्टार फॉरवर्ड गुलिट आणि वान बास्टन यांना त्याचं म्हणणं पटेना, तेव्हा त्याने पैज लावली. एका बाजूला गोलकीपर आणि चार बॅक, समोर हे दोघं धरून दहा जण, वेळ १५ मिनिटं. पाचांनी बॉल हिसकावला की दहा जणांनी आपल्या हाफमधे १० मीटर आत जाऊन पुन्हा सुरुवात करायची. गोल झाला नाही. तुमच्याकडे मुलं कमी असतील तर पाचांसमोर सात-आठ घ्या, वेळ आठ मिनिटं.