पट्टी बदलते, जखम तशीच

प्रश्न : सिस्टर, माझे सासरे 74 वर्षांचे. शुगर 18 वर्षांपासून. उजव्या अंगठ्याखाली, तळपायाला, चार महिने जखम आहे. दुखत नाही, पण भरतही नाही. आठवड्यातून तीनदा दोन जिने उतरवून ऑटोने ड्रेसिंगला नेतो. आता घरी येऊन जखम बघणारी टीम बोलवावी असं चाललंय, पण खर्च बराच आहे. नुसत्या ड्रेसिंगसाठी एवढे पैसे घालवावेत का? शेजारच्या काकू तर म्हणतात, पट्टीच काढा, हवा लागली की खपली धरेल.
– एक सून, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : नुसत्या ड्रेसिंगसाठी असतील तर घालवू नका. गॉज बदलायला तुम्हीही दोन दिवसांत शिकाल.

तुमच्या पत्रात मला खटकलं ते ‘दुखत नाही’. शुगरने पायाच्या नसा बधिर होतात. जखमेवर पाय पडला की तुम्ही-आम्ही लंगडतो. सासरे त्याच जागेवर पूर्ण भार देऊन चालत असणार. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांत हेच ओळखलं होतं. बोटं रोगाने आपोआप झडत नव्हती, संवेदना गेलेल्या पायावर माणसं चालत राहायची आणि पाय झिजायचा.

आता माझीच एक चूक सांगते. रामबागेतले एक निवृत्त मास्तर, जखम अगदी याच जागी. तेव्हा मी दवाखान्यात होते. दोन महिने त्यांची पट्टी मीच बदलली. अंगठ्याखालचा भार काढणारी खास चप्पल दिली होती, ती घालून ते वेळेवर यायचे आणि मी त्यांना शाबासकी द्यायची. जखम मात्र तसूभर हलेना. पुढे मी घरोघरी जायला लागले. एका सकाळी साडेसातला त्यांच्याकडे पोहोचले, तर मास्तर सोवळ्यात. चप्पल देवघराच्या उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवलेली. आधी फुलं तोडायला अंगणात, मग तुळशीला प्रदक्षिणा, मग पाण्याचा तांब्या घेऊन परत आत. सगळं कोटा फरशीवर, अनवाणी, पट्टीचा पाय ओला. मी स्टुलावर बसून पावलं मोजली. दोनशेच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. दवाखान्यातल्या टेबलावर हे मला जन्मात दिसलं नसतं.

चामडं नसलेला, धुता येणारा दुसरा जोड फक्त देवघरासाठी करवून घेतला. मास्तरांच्या पत्नी लगेच राजी झाल्या, मास्तरांनी आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. अकराव्या आठवड्यात जखम मिटली.

म्हणून टीम बोलावलीत तर पहिल्या भेटीत ती काय करते ते बघा. पायाची नाडी हाताने किंवा छोट्या डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने, तपासली पाहिजे. रक्तच पोहोचत नसेल तर कुठलंही महाग ड्रेसिंग फुकट, आधी रक्तवाहिन्यांचे डॉक्टर. दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या तंतूने बधिरपणा बघितला पाहिजे. जखमेत निर्जंतुक सळई घालून तळाला हाड लागतं का हे पाहिलं पाहिजे; टणक लागलं तर एक्स-रे. कडेचा घट्टा ब्लेडने उतरवला पाहिजे, कारण तो घट्टाच बुटातल्या खड्यासारखा दाबत राहतो. आणि पारदर्शक कागदावर जखमेची कड गिरवून तारीख घातली पाहिजे. ते कागद फ्रिजवर लावा. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्र निम्म्यावर आलं नाही, तर उपचार बदला असं स्पष्ट सांगा. आले, बेटाडीन ओतलं, पट्टी बांधली, बिल दिलं असं झालं तर पुन्हा बोलावू नका.

भार काढायला सगळ्यात खात्रीचं म्हणजे पेशंटला स्वतः न काढता येणारं पायाचं प्लास्टर. रक्तपुरवठा चांगला हवा, जंतुसंसर्ग नको, आणि 74 व्या वर्षी दोन जिन्यांच्या घरात तोल सांभाळता यायला हवा. ते डॉक्टर ठरवतील.

शेजारच्या काकूंना सांगा, हवेचा समज जुना आहे. 1962 मध्ये लंडनच्या जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या पाठीवरच्या वरवरच्या जखमा काही उघड्या, काही प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याखाली ठेवून पाहिल्या. झाकलेल्या ओलसर जखमांवर नवी कातडी साधारण दुप्पट वेगाने आली. खपलीखालून तिला वाट काढत जावं लागतं. मात्र रक्त न पोहोचल्याने काळं, सुकं पडलेलं बोट ओलं करायचं नाही, ते कोरडंच ठेवतात. हळदही नको.

लाली वर चढू लागली, वास आला, ताप आला, शुगर अचानक वाढली किंवा बोट काळं पडलं, तर टीमच्या पुढच्या भेटीची वाट बघू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल, आपलं सरकारी एमवाय असो की दुसरं. आणि वापरलेला गॉज ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कागदात गुंडाळून सॅनिटरी पॅडच्या डब्यात टाका, नाहीतर गाडीवाला भाऊ घराखाली उभा राहून ऐकवेल.

टीमला फोन करण्याआधी एक करा. उद्या सकाळी सासरे उठल्यापासून नाश्त्याला पोहे खायला बसेपर्यंत, त्यांना न सांगता, त्यांच्या पायांकडे बघा. चप्पल कुठे कुठे उतरते ते लिहून ठेवा आणि मला कळवा.